पिनांगला परत निघालेला माणूस

चार वर्षं मी या माणसाबरोबर एका खोलीत काढली, आणि चार वर्षांत त्यानं दाराला एकदाही कडी लावली नाही. मी शाळेतून यावं तर दार सताड उघडं, आत कुत्रं, कुत्र्याच्या तोंडात माझी भाकर, आणि हा गृहस्थ ओट्यावर पालथा पडून फरशीवर पाण्यानं काहीतरी गिरवतोय. "अहो सर, कुत्रं शिरलंय आत." "हाव, पाह्यलं मी. भुकेलं होतं." असं म्हणून कुंचला पुन्हा पाण्यात. आता अशा माणसाशी भांडायचं तरी काय?

समोर मी त्याला अहो-जाहो करायचो, तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लिहायला बसलं की मात्र हातातून 'तो'च उतरतं. राग अजून पुरता गेलेला नाही, दुसरं काय.

मोताळ्याचं आमचं हायस्कूल तेव्हा नवं होतं आणि महाराष्ट्रही नवाच. मी डोणगावहून गणित शिकवायला आलो, तो इंग्रजी शिकवायला होता. दोघंही सडेफटिंग, म्हणून हेडमास्तरांनी आम्हाला एका खोलीत कोंबलं. खोली सुभद्राबाईची. बाई विधवा, विहिरीवर दीड एकराचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर स्वतः काढायची आणि बाजाराच्या दिवशी स्वतः नेऊन विकायची. तिनं पहिल्याच दिवशी मला बजावलं, "गनित मास्तर, तुमी शायने दिसता. त्या दुसऱ्याकडं ध्यान द्या. मानूस चांगला हाय, पन त्याचं चित्त इथं नाई."

चित्त पिनांगला होतं. मलायात, समुद्राच्या काठी. तिथल्या एका चिनी शाळेत तो सहा वर्षं इंग्रजी शिकवत होता आणि त्याच शाळेतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडून चिनी शिकत होता. तीही बाजारात बोलतात ती नाही, मँडरिन, पुस्तकातली, कुंचल्यानं लिहायची. मध्येच आई अंथरुणाला खिळली म्हणून पिंपळगाव राजाला परत आला. दोन वर्षं तिचं सगळं त्यानंच केलं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. आई गेली, हा निघणार, तोवर चीनशी लढाई झाली. मग पासपोर्टची मुदत संपली. तेव्हापासून पोटापाण्यासाठी तो मोताळ्याच्या शाळेत होता, आणि रोज परत जात होता.

"मी जाऊन राह्यलो" हे त्याचं पालुपद. सर, आंघोळीला एक बादली घ्या. "काऊन घेऊ? मी जाऊन राह्यलो." सर, खाट घ्या, जमिनीवर विंचू निघतात. "खाट कोन वाहून नेईन?" त्यामुळे चार वर्षं बादली माझी, चादर माझी, स्टोव्ह माझा, पावसाळ्यात चपलासुद्धा माझ्या. स्वतःची म्हणून एक पत्र्याची ट्रंक, ती कायम भरलेली. सकाळी तिच्यातून एक सदरा काढायचा, संध्याकाळी धुऊन वाळवून, घडी घालून परत ट्रंकेत. दाराला कडी नाही, पण ट्रंकेला कुलूप. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, चोर आला तर माझं सगळं नेईल आणि तुमचं तेवढं ठेवील." त्यावर त्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "बरोबर हाय गणित. तुमी बी एक कुलूप घ्या."

गणित म्हणजे मी. तो सगळ्यांना विषयाच्या नावानं हाक मारायचा. कवायतीच्या मास्तरांना कवायत, मराठीच्या बाईंना मराठी. हेडमास्तर पूर्वी भूगोल शिकवायचे, म्हणून त्यांना त्यांच्या खोलीत जाऊन "भूगोल, मले सुट्टी पाह्यजे" म्हणाला होता. हेडमास्तरांनी तो राग माझ्यावर काढला, कारण माणसं त्याच्यावर चिडायला जायची आणि मला रागावून परत यायची.

पहाटे उठून तो चिनी घोकायचा. त्या भाषेत म्हणे एकच अक्षर चार चढउतारांनी म्हणावं लागतं. हा ओट्यावर मांडी घालून एकेक अक्षर उंच ताणून धरायचा, वर न्यायचा, खाली नेऊन परत वर उचलायचा, मग धाडकन आपटायचा. पहिल्या आठवड्यात सुभद्राबाईनं ओवा आणि मीठ आणून दिलं, त्याच्या पोटात कळ येते असं समजून. त्यानं ते निमूटपणे खाल्लं. नको म्हणून सांगायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून रोज पहाटे बाई ओवा आणायची, हा खायचा आणि घोकायचा, आणि मी डोक्यावर उशी घेऊन पडायचो.

आणि शिकवणं. नववीच्या पोरांना त्यानं वर्गात फळ्यावर शिकवलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं? नाही. बाजाराच्या दिवशी सगळा वर्ग बाजारात. प्रत्येक पोरानं एक जिन्नस इंग्रजीत विकत घ्यायचा, भाव करून. मिरच्यावाला वैतागला, बांगड्यावाली उठून गेली, दोन पोरांना गूळवाल्यानं हाकललं. बाजार लांबला तसा मला माझ्या आठवीबरोबर त्याचा सातवीचा तासही सांभाळावा लागला. सुभद्राबाई मात्र रंगात आली. टोपलीमागं बसून ती पोरांना "नो, नो, लास्ट प्राइस" म्हणायला लागली, आणि मोताळ्याच्या बाजारात तिच्या कोथिंबिरीपुढं गर्दी व्हायला लागली. खरं सांगायचं तर ज्या पोरांच्या तोंडून वर्गात हूं की चूं निघत नसे ती पोरं त्या बाजारात घडाघडा बोलली, असं बाईच सांगत होती. मी हे हेडमास्तरांना सांगितलं नाही. मला त्या दिवशी दोन वर्ग सांभाळून घसा बसला होता.

महिन्याला एक पाकीट पिनांगहून यायचं. हा आपला सराव कागदावर लिहून पाठवायचा, आणि म्हातारे गुरुजी तो तपासून परत पाठवायचे. जे अक्षर बरं आलं त्याच्याशेजारी तांबडं वर्तुळ. पाकीट आलं की हा जेवण सोडून वर्तुळं मोजायचा. एका पानावर अकरा आली त्या दिवशी त्यानं स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाला, अकरा. कोणाला काही कळलं नाही. मीच सगळ्यांना समजावत बसलो.

मग एका पत्रात गुरुजींनी लिहिलं की एक डोळा गेला, दुसऱ्यानं फडक्यातून पाहावं तसं दिसतं. शाळेत इंग्रजीची जागा रिकामी झाली आहे, ती तुझ्यासाठी जानेवारीपर्यंत ठेवतील. यायचं तर मला तुझी अक्षरं दिसताहेत तोवर ये.

त्या दिवशी त्यानं वर्तुळं मोजली नाहीत. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून पासपोर्टचा अर्ज आणला आणि माझ्यापुढं ठेवला. आता अर्ज म्हणजे माझा प्रांत. मी म्हटलं, "परदेशी जाण्याचं कारण, इथं लिहा, नोकरी." त्यानं इंग्रजीत लिहिलं, इंग्रजी शिकवण्यासाठी आणि मँडरिनचा अभ्यास पुढं चालू ठेवण्यासाठी. मी कपाळावर हात मारला. लढाई होऊन अशी किती वर्षं झाली होती हो? गावात कोणी चिनी मातीचा कप म्हणायचं तरी दबकून म्हणे. मी म्हटलं, "सर, पहिलं अर्धं राहू द्या, दुसरं खोडा. हात जोडतो."

"काऊन? दुसरं खोटं हाय काय?"

"खोटं नाही, पण ते सांगायची गरज नाही."

"मंग अर्धं खरं लिहू?" त्याला खरोखर नवल वाटलं होतं. "गणित, तुमी अर्धं उत्तर लिहिलेल्या पोराले मार्क देता काय?"

मी तिथून उठून गेलो. अर्ज तसाच मुंबईला गेला.

आता जे घडलं ते सगळ्या मोताळ्याला पाठ आहे, आणि लोक ते हसत हसत सांगतात. पुढं मीही तसंच सांगायचो.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. तो पिंपळगाव राजाला आईचं बंद घर पाहायला गेला होता. दुपारी न्हाव्याचा पोऱ्या धावत आला की सरांसाठी पाव्हणे आले. कोण पाव्हणे? धोतर, काळा कोट, टोपी, काखेत पिशवी. पाव्हण्यानं आधी न्हाव्याकडं बसून विचारलं, मग किराणा दुकानात, मग पिठाच्या गिरणीवर. काय विचारलं? वय किती, लग्न झालं का, घरी कोण कोण, शेती किती, पितो का, कोणाकडं उठबस. कशासाठी विचारतो ते काही सांगत नव्हता.

आमच्याकडं हे ऐकल्यावर शेंबडं पोरही सांगेल की मुलीचा बाप आला. स्थळाची चौकशी अशीच होते. बाप कधी दारात येऊन मुलगी द्यायची आहे असं म्हणत नाही. तो आधी गावभर फिरतो, आणि गावानं मोडता घालायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. शेजाऱ्याचा पोरगा कितीही उनाड असो, त्या दिवशी तो गुणी असतो, निर्व्यसनी असतो, आणि त्याला चार एकर जास्त असतात. न्हाव्यानं सरांना वीस एकर दिली. गिरणीवाल्यानं विहीर दिली. मग पाव्हणा आमच्या ओट्यावर येऊन टेकला.

सुभद्राबाईनं पदर खोचला, चहा करून आणला. पाव्हण्यानं घोट घेऊन विचारलं, "हे मास्तर मधे सहा वर्षं कुठं होते म्हणे?"

समुद्रापलीकडं, चिन्यांत, असं सांगितलं तर कोण मुलगी देणार? बाई म्हणाली, "नागपूरले होता की. कॉलेजात. लय शिकेल मानूस."

"परदेशी जायचा विचार हाय, असं ऐकलं."

"कोनं सांगतलं? इथंच भाजीचा मया घेऊन राह्यला तो, माह्या मयाच्या बाजूले."

पाव्हणा माझ्याकडं वळला. "तुमी सोबती. त्यांची पत्रं येतात ना? तिकीट कुठलं राह्यते त्याच्यावर?"

मी म्हटलं, "आपलंच की. आकोल्याहून येतात. त्यांची मावशी असते तिथं."

"चिनी भाषा येते म्हणतात त्याइले."

"छे हो, पोरांनी उठवलेली वावडी आहे. एक अक्षर येत नाही. आणि जायचं-बियचं खूळ होतं ते केव्हाच गेलं."

पाव्हण्यानं चहा संपवला, बाईच्या हाताची तारीफ केली आणि एसटीनं गेला. संध्याकाळी तो आला तेव्हा बाईनं त्याची दृष्ट काढली. त्यानं काढू दिली. कशाबद्दल म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर बुलढाण्याच्या पोलीस कचेरीचा कागद आला. अर्जातली माहिती आणि स्थानिक चौकशी यांत तफावत, अर्जदारानं हजर राहावं. त्यानं कागद दोनदा वाचला. "गणित, तफावत कुठं आली? मी तं समदं खरं लिहिलं होतं." मी म्हटलं, मी येतो सोबत.

एसटी घाट चढत होती आणि हा खिडकीत बसून काचेवर बोटानं अक्षरं काढत होता. सरकारी चौकशीत खोटं बोललो होतो, मास्तरकी जाते की काय, ही एक भीती होती. कचेरीत साहेबांनी अहवाल पुढं सरकवला. अर्जदार सांगतो सहा वर्षं मलायात, शेजारी सांगतात नागपुरात. अर्जदार सांगतो चिनी शिकायची आहे, सोबती सांगतो एक अक्षर येत नाही. अर्जदाराला परत जायचं आहे, घरमालकीण म्हणते तो मळा घेणार. "आता खरं काय ते सांगा," साहेब म्हणाले.

यानं अहवाल हातात घेतला, पूर्ण वाचला, आणि साहेबांच्या टेबलावरची पेन्सिल उचलून दुसऱ्या ओळीतलं इंग्रजी दुरुस्त केलं. "साहेब, इथं क्रियापद चुकलं. पोरांचं बी इथंच चुकते." दारात आमचा तो पाव्हणा उभा होता, आज जमादाराच्या खाकीत. अहवाल त्याचाच. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग मीच बोललो. हात जोडून म्हटलं, "साहेब, चूक आमची. आम्हाला वाटलं हे मुलीचे वडील आहेत."

साहेब एवढे हसले की त्यांना पाणी आणावं लागलं. जमादार मात्र दुखावला. "मले तीन पोरी हायेत साहेब," तो म्हणाला, "पन मी ड्युटीवर होतो."

हसून झालं, पण हसण्यानं कागद पुढं सरकत नाही. चौकशी पुन्हा, अहवाल पुन्हा, मुंबईचं उत्तर पुन्हा. जानेवारी गेला. पिनांगच्या शाळेनं ती जागा दुसऱ्याला दिली. हा दर पंधरवड्याला घाट चढून जायचा, कचेरीच्या बाकावर दुपारपर्यंत बसायचा आणि खाली येऊन मला सांगायचा, "होऊन जाईन गणित." एकदाही रागावला नाही. निदान एक शिवी तरी घालायची. उलट त्या पहिल्या दिवशी परतताना एसटीत म्हणाला, "तुमी चांगल्यासाठीच केलं. पन एवढं समदं खोटं एकदम सांगता येते तुमाले, मले मालूम नोयतं." त्याच्या आवाजात कौतुक होतं.

आठ महिन्यांनी पासपोर्ट आला. पिनांगच्याच दुसऱ्या एका शाळेनं त्याला इंग्रजी शिकवायला बोलावलं. मी आणि सुभद्राबाई मलकापूर स्टेशनापर्यंत पोचवायला गेलो. बाईनं ओव्याची पुरचुंडी बांधून दिली. गाडी हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्या पायात माझ्या चपला आहेत. ओरडायला तोंड उघडलं, आणि नुसताच हात हलवत राहिलो. स्टेशनावरून एसटीपर्यंत मी अनवाणी चालत आलो आणि सगळा वेळ त्याला शिव्या दिल्या. बाई ऐकत होती.

तीन महिन्यांनी पत्र आलं. मराठीत, ऐसपैस. नवी शाळा, पोरं बरी आहेत, क्रियापदं तिथंही चुकतात. मग गुरुजींबद्दल, त्याच्याच शब्दांत: मी पोचलो तेव्हा त्यांचा दुसरा डोळाही गेलेला होता. या एप्रिलपर्यंत मोठं अक्षर दिसत होतं म्हणे. आता मी त्यांच्या तळहातावर बोटानं लिहितो. बोट चुकलं की ते मूठ मिटतात. कुंचल्यानं लिहिलेलं आता कोणाला दाखवू, ते काही सुचत नाही.

पत्र मी सुभद्राबाईला वाचून दाखवलं. ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. वाचून झालं आणि माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "बाई, तो मुलीचा बाप नाही हे मला त्या दिवशी कळलं होतं. पत्रावर तिकीट कुठलं, असं त्यानं विचारलं तेव्हाच. कोणता बाप तिकिटं विचारत फिरतो? कळलं, आणि तरी मी सांगितलं. मुद्दाम सांगितलं."

बाईनं मान वर केली नाही. "पोरीचा बाप पयले मामकूळ इचारते," ती म्हणाली. "आईकडचं घरानं कोनतं, हे इचारल्याबिगर तो चहाले हात लावत नाई. यानं चहा पेला आन् मामकूळ इचारलंच नाई. मले तवाच समजलं."

"मग तुम्ही नागपूर काऊन सांगितलं?"

"तुमी आकोला काऊन सांगतलं?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. रोज उठून ज्याच्या नावानं बोटं मोडायची, तो आम्हाला इथंच हवा होता. आमच्या तेवढ्या हौसेपायी तिकडं एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उरलेले दिवस वाया गेले, आणि हा बुलढाण्याच्या बाकावर बसून राहिला.

"लिव्हा त्याले," बाई म्हणाली. "दोघाइचं नाव लिव्हा."

मी लिहिलं. जसं घडलं तसं, पुरतं, दोघांच्या नावानं. त्याला उत्तर आलं नाही. पावसाळ्यात दुसरं टाकलं, दिवाळीला तिसरं. एवढ्यातेवढ्या गोष्टीला चार-चार पानं उत्तर लिहिणारा हा माणूस, पण पिनांगहून पुन्हा कधी पाकीट आलं नाही. त्याच्या एकेका गोष्टीवर मी आजही चिडतो, मोठ्यानं चिडतो, घरातले हसतात. या एका गोष्टीवर चिडायला जातो आणि तोंडातून शब्द निघत नाही.